बेस गिटारची (चार तारा, जाडीकडून बारीक: ई, ए, डी, जी) ई तार सगळ्यांना गिळते, जी तार ऐकूच येत नाही. पिकअप किती वर ठेवायचे?

तुम्ही लिहिलंय ते असं: खानापूरकडच्या ऑर्केस्ट्रात वाजवता, बेस सेकंडहँड, जॅझ पद्धतीचा म्हणजे दोन सरळ पिकअपवाला (पिकअप म्हणजे तारांखालचा, त्यांचं हलणं पकडून अॅम्पकडं पाठवणारा चुंबकी भाग). कार्यक्रमात ई तार घुमते, जी तार असून नसल्यासारखी. कुणीतरी सांगितलं म्हणून दोन्ही पिकअप तारांना टेकतील इतके वर घेतलेत, तरी फरक नाही.

आधी ते खाली घ्या, मग पुढचं वाचा.

हा उद्योग मीही करून बसलोय. बेळगावात गणपतीचे दिवस, रोज नवी गल्ली, शेजारच्या मांडवात ढोल-ताशा. आमचा ड्रमर म्हणाला, "दिसतंय चांगलं खरं आवाज येईना." झालं, मी स्टार स्क्रूड्रायव्हर घेऊन पिकअप वर काढले. आवाज आला, नाही असं नाही. दोन-तीन कार्यक्रमांनंतर लक्षात आलं की ई तारेवर बाराव्या पट्टीच्या (फ्रेटच्या) पुढं कुठलाही स्वर धरला की तो वाँव वाँव करत हलतोय आणि ट्यूनरचा काटा एका जागी ठरत नाहीये. एका दुरुस्तीवाल्याकडं नेला. त्यानं तारा बदलल्या, नट (मानेच्या टोकाची तारा टेकायची खाचांची पट्टी) घासला, पैसे घेतले. वाँव वाँव जिथल्या तिथं. शेवटी घरीच एका रात्री पिकअपचे स्क्रू दोन-दोन फेरे आवळले आणि स्वर सरळ झाला.

कारण साधं आहे. पिकअपमध्ये चुंबक असतो आणि तार पोलादी. चुंबक फार जवळ गेला की तो तारेला नुसता ऐकत नाही, ओढतो. त्या ओढीमुळं तारेचं वर-खाली हलणं आणि आडवं हलणं यांचा वेग थोडा वेगळा होतो, एकाच तारेतून दोन किंचित वेगळे स्वर निघतात आणि ते एकमेकांवर आपटतात. ई तार सगळ्यात जाड (सहसा ०.१०५ इंच, जी ०.०४५), तिच्यात लोखंड जास्त, म्हणून पहिला त्रास तिलाच. वरच्या पट्ट्या दाबल्या की तार पिकअपच्या आणखी जवळ येते, म्हणून तिथं तो जास्त जाणवतो. स्वर लवकर विझतो तो वेगळाच.

आता मोजमाप. त्याआधी मानेचा बाक आणि ब्रिजवरची (तारा खालच्या टोकाला जिथं टेकतात तिथली) तारांची उंची ठरवून घ्या, कारण तार हलली की पिकअपचं सगळं गणित हलतं. पावसाळ्यात मान फुगून सरकते, खानापूरच्या पावसात तर विचारूच नका. मग शेवटची पट्टी दाबून धरा आणि तारेचा खालचा काठ ते पिकअपचा खिळा (पिकअपवर दिसणारं चुंबकाचं गोल टोक) हे अंतर बघा. ई तारेखाली साधारण ३ मिमी, जी तारेखाली २.४ मिमीच्या आसपास, ही सुरुवात. फेंडर कंपनीनं हा दोन पिकअपचा जॅझ बेस १९६० मध्ये काढला, तुमच्या बेसची रचना त्याच धाटणीची, म्हणून हे आकडे चालतील. पण नकलेत चुंबक कुठल्या जातीचा बसवलाय त्यावर एखादा मिमी इकडंतिकडं होतो.

मोजायला मी आधी रुपयाची नाणी घेतली होती. नाणं टक्कन खिळ्याला जाऊन चिकटलं! एटीएम कार्ड घ्या. एक कार्ड ०.७६ मिमी जाड असतं, चार कार्डं म्हणजे ३ मिमीला थोडं वर, तीन म्हणजे जी तारेचं माप. आकडे उठलेलं कार्ड नको.

पिकअपच्या चार कोपऱ्यांना चार स्क्रू असतात. पहिल्यांदा घोटाळा होतो तो इथं: स्क्रू आवळला की पिकअप खाली जातो, सैल केला की वर येतो. पहिला फेरा द्यायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आणि नंतर दर वेळी अर्धाच फेरा. ब्रिजजवळचा पिकअप थोडा जास्त वर ठेवा, कारण तिथं तार कमी हलते. मानेकडचा त्याहून खाली. एकेक पिकअप वेगळा वाजवून दोघांचा आवाज जवळजवळ सारखा आला की जमलं.

आता तुमच्या ई तारेचं. मला शंका आहे की गडबड बेसमध्ये कमी आणि तुमच्या घरच्या अॅम्पमध्ये जास्त असावी. मोकळी ई तार ४१ हर्ट्झला वाजते, जी ९८ ला. सरावाच्या छोट्या अॅम्पचा सहा-आठ इंची स्पीकर ४१ काढूच शकत नाही. आपण ऐकतो ते त्याच्या वरचे ८२, १२३ असे पट, आणि मूळ स्वर डोकं आपल्या पदरचा घालतं. मग घरी वाटतं ई कमजोर आहे, त्या बाजूचा पिकअप वर घ्या. घेतला. कार्यक्रमात अठरा इंची सबवूफर लागतो, तो ४१ व्यवस्थित काढतो, आणि ई तार मांडव हलवते. माझ्या बाबतीत चिकोडीकडच्या एका कार्यक्रमात साउंडवाला तीनदा येऊन सांगून गेला, "बेस स्वल्प कम्मी माड्री" (कानडीत, बेस जरा कमी करा). मी सगळाच आवाज कमी केला, जी तार होती नव्हती तेवढीही गेली.

म्हणून उंची ठरवताना मोठ्या स्पीकरवर ठरवा. साउंड चेकला अर्धा तास आधी जा, टोन आणि दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे, ईक्यू (खर्ज-मधला-टीप यांची बटणं) सपाट, आणि चारही तारा एकाच जोरात छेडा. स्वतः ऐकू नका, तुमचं पोट बेसला टेकलेलं असतं, तुम्हाला ई नेहमी मोठीच लागेल. कुणाला तरी मांडवाच्या मधोमध उभं करा. तो म्हणेल त्या बाजूला अर्धा फेरा. ए आणि डी थोड्या मागं वाटल्या तरी चालेल. तारा फिंगरबोर्डच्या गोलाईवर बसतात आणि पिकअप सपाट, त्यामुळं मधल्या दोन थोड्या लांब पडतातच.

आवाज कमी पडतोय? अॅम्पवरचं गेनचं बटण वाढवा. त्यासाठी अॅम्प दिलाय.

विजेची घूं घूं येत असेल तर तो उंचीचा दोष नाही. या बेसचे दोन पिकअप उलट गुंडाळलेले आणि उलट चुंबकाचे असतात, म्हणून दोन्ही व्हॉल्यूम सारखे उघडे असले की घूं एकमेकांना मारते. एक कमी केला की ती परत येते. गावात तात्पुरत्या कनेक्शनवर तर हमखास.

स्क्रू सैल केला आणि तरी पिकअप वर आलाच नाही तर खालचा फोम भुगा झालाय समजा, सेकंडहँड बेसमध्ये हे फार. पिकअप उचलून (तारा सैल करा, वायर ओढू नका) नवा तुकडा घाला. मी तो आमच्या गल्लीतल्या गादीवाल्याकडून आणला. त्यानं कशाला म्हणून विचारलं, मी गिटार म्हटलं, त्यानं हसून पैसेच घेतले नाहीत. मऊ घेऊ नका, घट्ट घ्या, नाहीतर तुम्ही अंगठा पिकअपवर टेकवून वाजवताना तो दबेल आणि तुमची उंची प्रत्येक गाण्याला वेगळी.