कराची ते मद्रास, संगणकावरच्या सेस्नातून

प्रश्न : जे. आर. डी. टाटा यांनी १९३२ साली टपाल घेऊन ज्या मार्गाने कराची ते मुंबई उड्डाण केले, तो मार्ग आणि पुढचा मद्रासपर्यंतचा टप्पा फ्लाइट सिम्युलेटरवर (संगणकावरील विमान चालवण्याच्या खेळात) पूर्ण करण्याचा माझा विचार आहे. त्यांचे पस मॉथ विमान माझ्याकडे नाही. सेस्ना १७२ चालेल का? जीपीएस बंद ठेवून वाट कशी शोधावी? कंटाळवाण्या भागात वेळ वेगाने पुढे नेण्याची सोय वापरावी का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : सेस्ना अवश्य घ्यावी. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पहिल्या उड्डाणाला ५० वर्षे झाली तेव्हा, ७८ वर्षांच्या जे. आर. डी. यांनी कराची–मुंबई प्रवास पुन्हा केला तो पस मॉथमधून नव्हे, तर लेपर्ड मॉथ या दुसऱ्या विमानातून. तेव्हा विमानाबाबत आपण त्यांच्याहून अधिक सोवळे पाळण्याचे कारण नाही. वेग मात्र आवरावा. सेस्ना ११० ते १२० नॉट (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) वेगाने सहज जाते, तर पस मॉथची नेहमीची चाल ९० नॉटच्या आसपास होती.

कराची ते अहमदाबाद हा सरळ रेषेत सुमारे ३२० सागरी मैलांचा टप्पा सर्वांत अवघड आहे, कारण वाटेत कच्छचे मोठे रण लागते आणि तिथे नकाशाशी ताडून पाहावे असे गाव, रस्ता किंवा नदी फारशी सापडत नाही. अशा जागी होकायंत्र, घड्याळ आणि वाऱ्याचा हिशेब यांवरच भिस्त ठेवावी लागते. बाजूने १५ नॉटचा वारा असेल, तर ९० नॉटने जाणाऱ्या विमानाचे नाक वाऱ्याकडे सुमारे साडेनऊ अंश वळवून ठेवावे लागते. तसे न केल्यास तासाभरात आपण रेषेपासून १५ सागरी मैल दूर गेलेलो असतो. दिशादर्शक जायरोही (फिरत्या चक्राच्या आधारे दिशा दाखवणारे उपकरण) हळूहळू सरकतो, म्हणून दर १०–१५ मिनिटांनी तो होकायंत्राशी जुळवून घ्यावा.

अहमदाबादवर नेमका नेम धरू नये, असे आम्ही सुचवू. मुद्दाम तीन अंश उत्तरेकडे रोख ठेवावा. म्हणजे साबरमती दिसताच शहर उजवीकडे, प्रवाहाच्या दिशेने आहे, हे निश्चित कळते. नेम नेमका धरून शहर चुकले, तर कोणत्या बाजूला वळावे हेच समजत नाही. तिथून जुहूपर्यंत चिंता नाही; नर्मदा आणि तापी यांची मुखे, दमण, वसईची खाडी अशा खुणा किनाऱ्याने ओळीने भेटतात.

वेळ पळवण्याची सोय आम्ही वापरणार नाही. वाऱ्याने विमान किती सरकले, हे पाहून चूक सुधारण्यातच या प्रवासाची सगळी मौज आहे, आणि घड्याळ पळवले की नेमकी तीच हातची जाते. वेळ कमी असेल, तर प्रवास दिवसांत वाटून घ्यावा. मूळ उड्डाणही इंधनासाठी अहमदाबादला उतरलेच होते.

मुंबईपुढे टपाल जे. आर. डीं.चे सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. या टप्प्यावर सह्याद्री ओलांडायचा असल्याने समुद्रावरच फेरी मारून सुमारे ६,००० फूट उंची गाठावी आणि मगच पूर्वेकडे वळावे. वर गेल्यावर इंधनाचे मिश्रण विरळ करण्यास (हवेच्या मानाने इंधन कमी करण्यास) विसरू नये.