अभ्यासाची जागा शोधायचं अॅप: आधी एवढंच कर

अभ्यासाला रिकामी जागा कुठे आहे ते दाखवणाऱ्या अॅपची तुझी आयडिया मस्त आहे, नक्की कर! पण लगेच फिगमा (अॅपच्या स्क्रीन डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) उघडू नकोस, आधी परीक्षेच्या दिवसांत दुपारी अभ्यासिकेत जाऊन बस आणि बघ, पोरं आत आल्यावर आधी प्लग पॉइंट शोधतात की पंख्याखालची खुर्ची, आणि नुसती बॅग ठेवून अडवलेल्या जागा किती, कारण त्या तुझ्या अॅपमध्ये रिकाम्या दिसल्या तर दुसऱ्यांदा कोणी अॅप उघडणार नाही.

सुरुवातीला सगळे इथेच चुकतात:
- उघडल्या उघडल्या लॉगिन
- चॅट, ग्रुप, बुकिंग सगळं पहिल्याच व्हर्जनमध्ये
- नुसते लाल-हिरवे ठिपके (काहींना ते रंग वेगळे दिसत नाहीत, सोबत शब्द लिही)

एकच स्क्रीन कर: आत्ता कुठे जागा आहे, किती वाजेपर्यंत उघडं, माहिती किती मिनिटांपूर्वीची. कागदावर काढून चार-पाच जणांच्या हातात दे आणि गप्प बस, समजावू नकोस. जागा रिकामी आहे का ते आपोआप ओळखणाऱ्या सेन्सरचं नंतर बघू.