‘द स्कार्लेट लेटर’ या कादंबरीचं तात्पर्य ‘पाप केलं की शिक्षा चुकत नाही’ एवढंच आहे का?

तुम्ही विचारलंय की वर्गात या कादंबरीचं सार ‘पापाला शिक्षा मिळतेच’ असं सांगितलं गेलं, ते तुम्हाला पटत नाही, तर मग लेखक नॅथॅनिएल हॉथॉर्नला म्हणायचंय तरी काय?

मलाही ते सार पटत नाही. पापाचीच गोष्ट सांगायची असती, तर ते पाप पानावर कुठेतरी दिसलं असतं. १८५० साली आलेली ही कादंबरी सुरू होते तेव्हा सगळं घडून गेलेलं आहे. हेस्टर प्रिन तान्ह्या पर्लला छातीशी धरून बॉस्टनच्या तुरुंगातून बाहेर पडते आहे. काळ सतराव्या शतकातला, प्युरिटन म्हणजे कर्मठ ख्रिस्ती पंथाच्या लोकांची वसाहत, धर्म आणि कायदा एकच. कायद्याने तिला मृत्युदंडच व्हायचा, पण न्यायाधीश ‘दया’ दाखवतात: तीन तास चौथऱ्यावर उभं राहायचं आणि जन्मभर छातीवर लाल ‘ए’, म्हणजे ‘अ‍ॅडल्टरी’चं (व्यभिचाराचं) पहिलं अक्षर, वागवायचा. गर्दीतल्या एका बाईला एवढ्यानेही समाधान नाही. तिच्या मते कपाळावर डागच द्यायला हवा होता.

हेस्टर तो ‘ए’ जरीच्या धाग्यांनी असा भरते की बघणाऱ्याची नजर खिळावी. पुढे याच हातांवर गाव जगतं. गव्हर्नरच्या गळ्याची झालर तिची, बाळांची टोपडी तिची, मेलेल्यांची कफनंही तिचीच. फक्त नवरीच्या तोंडावरची पांढरी जाळी तिला कुणी भरायला देत नाही. समाजाच्या दुटप्पीपणावर हॉथॉर्न याहून जास्त बोलत नाही, आणि बोलायची गरजही नाही.

पण माझ्या मते पुस्तकाचा गाभा अकराव्या प्रकरणात आहे. पर्लचा बाप म्हणजे गावाचा लाडका पाद्री डिम्सडेल. तो व्यासपीठावरून कितीदा तरी म्हणतो की मी पापी आहे, तुमच्या सगळ्यांहून नीच आहे. शब्द न् शब्द खरा. ऐकणारे मात्र गहिवरतात: एवढ्या पुण्यवान माणसाला स्वतःत पाप दिसतं, तर आपलं काय! आणि ते असंच समजणार, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. खरं बोलूनच तो खोटं बोलतो. घरी बंद कपाटात चाबूक आहे, उपास आहेत, रात्रीची जागरणं आहेत. एकदा मध्यरात्री तो त्याच चौथऱ्यावर चढतो, हेस्टर आणि पर्लही तिथे येतात. उद्या दुपारी आमच्याबरोबर इथे उभा राहशील का, असं पोर विचारते. तो उत्तर देतो, उद्या नाही, कयामतीच्या दिवशी.

चिलिंगवर्थ हा हेस्टरचा नवरा, पण गावाला ते माहीत नाही. डॉक्टर म्हणून तो डिम्सडेलच्या घरातच राहतो आणि त्याच्या मनाला रोज थोडंथोडं टोकरत बसतो. कायद्याच्या दृष्टीने त्याचा काहीच गुन्हा नाही. तरी सतराव्या प्रकरणात, जंगलात, डिम्सडेल म्हणतो की या म्हाताऱ्याचा सूड आपल्या दोघांच्या पापाहून काळा आहे.

त्याच प्रकरणात हेस्टर डिम्सडेलची माफी मागते. प्रेमाबद्दल नव्हे, त्याचं तर तिला आपल्या परीने पावित्र्यच वाटतं. माफी मागते ती नवऱ्याची ओळख सात वर्षं लपवल्याबद्दल. तुमच्या उत्तरात ही जागा जरूर घ्या, कारण ‘पाप आणि शिक्षा’वाली मांडणी इथे सरळ कोलमडते.

हेस्टरला निव्वळ बंडखोर नायिका ठरवणंही मला सोपी पळवाट वाटते. जंगलात ती ‘ए’ काढून फेकते, केस मोकळे सोडते, ऊन पडतं. पण पर्ल ओढ्यापलीकडून हलत नाही. ‘ए’ परत छातीवर आल्यावरच ती येते. हॉथॉर्न दोन्हीकडून अवघडलेला आहे. त्याचा पूर्वज जॉन हॅथॉर्न १६९२च्या सेलममधल्या चेटकिणींच्या खटल्यांत न्यायाधीश होता, ते ओझं त्याच्या प्रस्तावनेतही जाणवतं.

शेवटी लेखक स्वतःच ‘खरे वागा’ असं तात्पर्य काढून देतो, पण अनेकांतलं एक म्हणून. त्यानंतर कितीतरी वर्षांनी हेस्टर बॉस्टनला परतते आणि कुणी सांगितलेलं नसताना तो ‘ए’ पुन्हा लावते. दुखावलेल्या बायका सल्ला मागायला तिच्याच झोपडीत येतात. वर्गातल्या त्या सारात हे कसं बसवायचं, ते शिक्षकांना विचारून बघा.

वेळ कमी असेल तर ११, १२, १७ आणि २४ ही प्रकरणं नीट वाचा. ‘द कस्टम हाउस’ नावाची लांबलचक प्रस्तावना पहिल्या वाचनात खुशाल सोडा.