एका उल्लेखाचे अनेक निकाल : एक्सएमएलमधील शोध आणि पातळीचा प्रश्न

प्रश्न : यंत्रांच्या देखभालीची एक मोठी पुस्तिका आमच्याकडे एकाच एक्सएमएल फाइलमध्ये (मजकुराच्या प्रत्येक भागाभोवती टॅग, म्हणजे नावाची खूण, लावलेली फाइल) आहे. ‘विभाग’ या एलिमेंटच्या, म्हणजे टॅगने वेढलेल्या भागाच्या, आत पुन्हा ‘विभाग’, अशी तिची रचना पाच-सहा पातळ्या खोल जाते. ‘झडप’ हा शब्द शोधला, की तो ज्या उपविभागात आहे तो उपविभाग, त्याच्यावरचा विभाग, त्याच्याही वरचा, असे सगळेच निकालांत येतात. म्हणून ज्यांच्या आत आणखी विभाग नाहीत अशाच विभागांत शोधण्याची अट घातली, तेव्हा वरच्या विभागांच्या प्रास्ताविकातले उल्लेख सापडेनासे झाले. नेमकी पातळी कशी पकडावी?

उत्तर : आपल्या शोधात बिघाड नाही, विचारलेल्या प्रश्नाचे बरोबर उत्तर तो देत आहे, फक्त आपल्याला विचारायचा होता तो प्रश्न हा नव्हे. एक्सएमएलमधले भाग निवडण्याची भाषा म्हणजे एक्सपाथ, आणि १९९९ साली आलेल्या तिच्या १.० आवृत्तीपासून नियम असा आहे, की एलिमेंटची स्ट्रिंग व्हॅल्यू म्हणजे त्याच्या पोटातल्या, कितीही खोलवरच्या, सर्व मजकुराची क्रमाने केलेली जोडणी. त्यामुळे सहाव्या पातळीवरच्या परिच्छेदात ‘झडप’ आली, की ती त्याच्या प्रत्येक पूर्वज-विभागात आपोआपच ‘आहे’ असे ठरते. (पुढील ओळींत फंक्शनांची आणि अक्षांची, म्हणजे वर किंवा खाली अशा शोधाच्या दिशांची, नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत; प्रत्यक्षात ती आणि कंसातले आकडे रोमन लिपीतच लिहावेत. टॅगची नावे मात्र देवनागरीत चालतात, कारण एक्सएमएलने १९९८ च्या पहिल्या शिफारशीपासूनच तशी मुभा दिली आहे.)

यावर बहुधा सुचवला जाणारा उपाय म्हणजे शब्द असलेल्या विभागांपैकी सर्वांत आतले तेवढे ठेवणे (‘//’ म्हणजे कितीही खोलवरचा, ‘कंटेन्स’ म्हणजे मजकुरात आहे, ‘नॉट’ म्हणजे नाही) :

//विभाग[कंटेन्स(., 'झडप')][नॉट(.//विभाग[कंटेन्स(., 'झडप')])]

एक्सपाथ ३.० मध्ये याच कामासाठी ‘इनरमोस्ट’ नावाचे तयार फंक्शनही आहे. हा उपाय आपण घातलेल्या अटीपेक्षा बरा आहे, पण पुरेसा नाही. समजा, विभाग ४ च्या प्रास्ताविकात ‘झडप उघडण्यापूर्वी दाब शून्यावर आणावा’ अशी सूचना आहे, ४.२ च्या स्वतःच्या मजकुरात झडपेचा उल्लेख नाही आणि ४.२.१ मधल्या दोन परिच्छेदांत तो आहे. साधा शोध येथे तीन विभाग देईल : ४, ४.२ आणि ४.२.१. सर्वांत आतले ठेवण्याचा उपाय फक्त ४.२.१ देईल. म्हणजे नको असलेल्या ४.२ बरोबर ४ मधली सूचनाही गळाली. देखभालीच्या पुस्तिकेत अशी सूचना बहुतेक वेळा वरच्या पातळीवरच लिहिलेली असते, कारण ती खालच्या सर्व कृतींना लागू असते. ती हरवणे ही माझ्या मते निकालांच्या गर्दीपेक्षा कितीतरी गंभीर चूक आहे. आपल्याला हवेत ते दोनच विभाग, ४ आणि ४.२.१, आणि ते मिळवायचे तर शोधाची दिशाच उलटी करावी लागते. वरून खाली विभाग चाळत येण्याऐवजी शब्द जेथे प्रत्यक्ष आहे त्या परिच्छेदापासून सुरुवात करावी आणि तेथून वर चढत पहिला विभाग लागेल तेथे थांबावे :

//परिच्छेद[कंटेन्स(., 'झडप')]/ॲन्सेस्टर::विभाग[१]

येथे [१] चा अर्थ ‘सर्वांत जवळचा’ असा होतो, कारण पूर्वजांचा अक्ष उलट्या दिशेने मोजला जातो. पण हाच भाग साध्या कंसात घालून (ॲन्सेस्टर::विभाग)[१] असा लिहिला, तर मोजणी दस्तऐवजाच्या क्रमाने होते आणि हाती सर्वांत बाहेरचा विभाग येतो. एक्सपाथ २.० पासून दोन्ही ओळी बिनतक्रार चालतात, त्यामुळे ही चूक शोधायला फार वेळ जातो. ४.२.१ मध्ये दोन परिच्छेद जुळले तरी तो विभाग निकालांत एकदाच येईल, कारण पाथ एक्सप्रेशन (अशी वाट सांगणारी ओळ) पुनरावृत्त नोड, म्हणजे दस्तऐवजाचे घटक, स्वतःच काढून टाकते. परिच्छेदाबरोबर शीर्षके, यादीतल्या नोंदी आणि तक्त्यांचे रकानेही सुरुवातीच्या संचात घ्यावेत. नाहीतर शीर्षकातच ‘झडप’ असलेला विभाग सुटेल.

परिच्छेदाऐवजी थेट टेक्स्ट नोडपासून (दोन टॅगांमधल्या सलग मजकुराच्या तुकड्यापासून) सुरुवात करण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. ‘निर्गम झडप’ या जोडीतला एक शब्द ठळक करण्यासाठी त्याच्याभोवती टॅग आला, की वाक्याचे वेगवेगळे टेक्स्ट नोड होतात आणि दोन्ही शब्द मिळून शोधले तर काहीच हाती लागत नाही. परिच्छेदाची स्ट्रिंग व्हॅल्यू मात्र हे तुकडे पुन्हा जोडून देते. ज्या नियमामुळे वरच्या पातळ्यांवर गोंधळ झाला, तोच येथे उपयोगी पडतो.

निकाल दाखवतानाही हीच शिस्त पाळावी लागेल. विभाग ४ निकालांत आला म्हणून त्याचे सगळे पोट छापले, तर ४.२.१ पुन्हा आलाच. त्याचा स्वतःचा मजकूर, म्हणजे ज्या परिच्छेदांचा सर्वांत जवळचा विभाग तोच आहे तेवढे परिच्छेद, दाखवावा आणि उपविभागांची फक्त शीर्षके द्यावीत. शोधासाठी इंडेक्स (सूची) बनवताना प्रत्येक विभागाची एक नोंद करून तिच्यात असाच स्वतःचा मजकूर ठेवावा आणि पूर्वजांची शीर्षके वेगळ्या रकान्यात ठेवावीत. मग निकालांची संख्या खरी येते आणि गुणांकनातही एकच उल्लेख चार ठिकाणी मोजला जात नाही. एक्सक्वेरी या एक्सएमएल डेटाबेसच्या प्रश्नभाषेच्या २०११ च्या फुल टेक्स्ट शिफारशीत ठरावीक एलिमेंट वगळून शोधण्याची ‘विदाउट कंटेंट’ ही सोय आहे खरी, पण तो ऐच्छिक भाग असल्यामुळे आपल्या डेटाबेसमध्ये ती आहे का, हे आधी पाहावे.

प्रश्न : दोन शब्द शोधले आणि एक ४.२.१ मध्ये, दुसरा ४.२.३ मध्ये असेल, तर कोणता विभाग दाखवावा?

उत्तर : दोन्ही शब्दांना पोटात घेणारा सर्वांत खालचा सामाईक पूर्वज, म्हणजे येथे ४.२. तो काढण्यासाठी प्रत्येक नोडला वरून खालपर्यंतच्या स्थानांचा क्रमांक देतात आणि दोन क्रमांकांचा सुरुवातीचा समान भाग पाहतात : ४.२.१ आणि ४.२.३ यांच्यात समान ते ४.२. ग्रंथालयातल्या दशांश वर्गीकरणावरून या क्रमांकांना ड्यूई क्रमांक म्हणतात. पुस्तिकेत छापलेले विभाग-क्रमांक त्यासाठी वापरू नयेत, कारण परिशिष्टांत आणि प्रस्तावनेत ते बहुधा नसतात किंवा वेगळ्या पद्धतीने चालतात.

अडचण अशी, की एक शब्द विभाग १ मध्ये आणि दुसरा विभाग ९ मध्ये असला तरी सामाईक पूर्वज निघतोच, तो म्हणजे संपूर्ण पुस्तिका. आणि शोधणाऱ्याला ते उत्तर देणे म्हणजे काहीच न देण्यासारखे आहे. एक्सएमएल शोधाच्या मूल्यमापनासाठी २००२ मध्ये सुरू झालेल्या आयनेक्स या उपक्रमात हा पेच लवकरच पुढे आला. तेथे निकाल दोन कसोट्यांवर तपासले जात : विषय किती पूर्णपणे आला आहे आणि विषयाबाहेरचे किती कमी आहे. वर जावे तशी पहिली बाजू सुधारते आणि दुसरी बिघडते. म्हणून वर चढण्याला आपणच मर्यादा घालावी, असे माझे मत आहे. दोन्ही शब्द एका परिच्छेदात असलेले निकाल आधी द्यावेत, नंतर एका विभागाच्या स्वतःच्या मजकुरातले, नंतर एक पातळी वर सामाईक होणारे. त्यापलीकडे शोध थांबवून ‘दोन्ही शब्द एकत्र आढळले नाहीत’ असे स्पष्ट सांगावे.

प्रश्न : ‘विभाग’ऐवजी विभाग१, विभाग२ असे टॅग केले, तर हा सगळा व्याप वाचेल का?

उत्तर : वाचणार नाही. डॉकबुक या तांत्रिक पुस्तकांसाठीच्या तयार टॅगसंचात स्वतःच्या पोटात येऊ शकणारा ‘सेक्शन’ आणि ‘सेक्ट१’ ते ‘सेक्ट५’ असे क्रमांकित विभाग, हे दोन्ही प्रकार आहेत. पण क्रमांक केवळ खोली सांगतो. एका प्रकरणात तिसऱ्या पातळीवर संपूर्ण कृती असते, तर दुसऱ्यात त्याच पातळीवर दोन ओळींची टीप असते. शिवाय एखादा विभाग एक पातळी आत हलवला, की त्याच्या पोटातल्या सगळ्या टॅगची नावे बदलावी लागतात. त्यापेक्षा जो विभाग एकटा वाचला तरी समजतो, त्याच्यावर लेखकाने किंवा संपादकाने एकक='होय' असा गुणधर्म लिहावा. हे काम यंत्रावर सोपवू नये. कोणता मजकूर स्वतःच्या पायावर उभा राहतो, हे वाचणाऱ्या माणसालाच कळते. मग वर चढताना अशा विभागापाशी थांबायचे :

ॲन्सेस्टर::विभाग[@एकक='होय'][१]

दोन कंसांचा क्रम येथे बदलू नये. [१][@एकक='होय'] असे लिहिले, तर आधी सर्वांत जवळचा विभाग निवडला जाईल आणि त्यावर खूण नसेल तर पुढचा पूर्वज न पाहताच निकाल रिकामा येईल.