मेनूतील गर्दी कशी कमी करावी? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची आडत पेढी आहे. पेढीवरील दोन्ही संगणकांवर भाच्याने लिनक्स मिंट ही प्रणाली सिनॅमन या डेस्कटॉपसह (म्हणजे मेनू, खिडक्या आणि पट्ट्या दाखवणाऱ्या दर्शनी भागासह) बसवून दिली असून ते उत्तम चालतात. अडचण एवढीच, की खालच्या डाव्या कोपऱ्यातील मेनू उघडला की प्रोग्रॅमची भली मोठी यादी समोर येते. आमच्या दिवाणजींना त्यातील आवकेचा तक्ता, हिशेबपट्टीचे संकेतस्थळ, कॅल्क्युलेटर आणि प्रिंटर एवढेच लागते. बाकीचे प्रोग्रॅम काढून टाकावेत का? नावे मराठीत करता येतील का? आणि काही बिघडल्यास मेनू पूर्ववत कसा करावा? (एक आडतदार, सांगली)

उत्तर : प्रोग्रॅम काढून टाकण्याची गरज नाही, आणि आपण तसे करूही नये. मेनूतील नावावर उजवे क्लिक केल्यावर दिसणारा ‘अनइन्स्टॉल’ हा पर्याय प्रोग्रॅमच संगणकातून काढतो आणि कधी कधी त्याच्यावर अवलंबून असलेली इतर पॅकेजेही (प्रोग्रॅमचे संच) त्याच्याबरोबर जातात. आपल्याला नावे फक्त दिसेनाशी करायची आहेत, आणि लिनक्सच्या मेनूची रचना त्यासाठी फार सोयीची आहे.

मेनूतील प्रत्येक नावामागे एक छोटी मजकूर-फाइल असते. तिच्या नावाच्या शेवटी ‘डॉट डेस्कटॉप’ असते आणि आत प्रोग्रॅमचे नाव, त्याचे चिन्ह, तो सुरू करण्याची आज्ञा आणि तो कोणत्या वर्गात दाखवायचा, एवढी माहिती साध्या ओळींत लिहिलेली असते. डेस्कटॉप या फाइली वाचतो आणि त्यांवरून यादी तयार करतो. पूर्वी केडीई, ग्नोम, एक्सएफसीई अशा प्रत्येक डेस्कटॉपची मेनूची मांडणी निराळी असे. २००० साली सुरू झालेल्या फ्रीडेस्कटॉप प्रकल्पातून या फाइलींचे आणि मेनूच्या वर्गांचे सामाईक नियम ठरले, त्यामुळे येथे सांगितलेले तत्त्व बहुतेक सर्व डेस्कटॉपांना लागू पडते.

प्रणालीबरोबर आलेल्या फाइली ‘यूएसआर’ फोल्डरमधील ‘शेअर’ आणि त्यातील ‘अ‍ॅप्लिकेशन्स’ या ठिकाणी असतात. वापरकर्त्याच्या होम फोल्डरमध्येही ‘डॉट लोकल’, ‘शेअर’, ‘अ‍ॅप्लिकेशन्स’ असा मार्ग असतो. टिंबाने सुरू होणारे फोल्डर एरवी दिसत नाहीत, ते पाहण्यासाठी कंट्रोल आणि एच या कळा एकत्र दाबाव्यात. दोन्ही ठिकाणी एकाच नावाची फाइल असेल, तर होममधील फाइलच मानली जाते. मूळ कीर्द तशीच ठेवून नकलेवर खुणा कराव्यात, तसा हा प्रकार आहे. मेनू संपादक हेच काम आपल्यासाठी करतो, त्यामुळे आपल्याला एकही फाइल हाताने उघडावी लागणार नाही.

दिवाणजींच्या नावाने लॉगिन करून मेनूच्या चिन्हावर उजवे क्लिक करावे, ‘कॉन्फिगर’ निवडावे आणि उघडलेल्या खिडकीतून मेनू संपादक सुरू करावा. डावीकडे वर्ग आणि त्यांच्या शेजारी प्रत्येक वर्गातील प्रोग्रॅम, असे त्याचे स्वरूप आहे. प्रोग्रॅमच्या नावापुढील चौकटीतील खूण काढली की ते नाव मेनूतून जाते. संपूर्ण वर्गाचीही खूण काढता येते. पडद्यामागे होम फोल्डरमध्ये त्या प्रोग्रॅमच्या फाइलीची नक्कल तयार होते आणि तिच्यात ‘नोडिस्प्ले’ ही ओळ ‘ट्रू’ अशी लिहिली जाते. या ओळीमुळे नाव लपते, पण फाइल उघडण्याचे काम चालू राहते. म्हणजे पीडीएफ वाचण्याचा प्रोग्रॅम आपण लपवला, तरी ई-मेलने आलेल्या बिलावर दोनदा क्लिक केल्यावर ते पूर्वीप्रमाणेच उघडेल. ‘हिडन’ नावाची दुसरी ओळ मात्र नोंद नाहीच असे डेस्कटॉपला सांगते, म्हणून हाताने बदल करणाऱ्यांनी ती सहसा टाळावी.

आता हव्या असलेल्या गोष्टींकडे वळू. हिशेबपट्टीच्या संकेतस्थळासाठी मिंटमध्येच ‘वेब अ‍ॅप्स’ नावाचे साधन आहे. त्यात पत्ता, नाव आणि वर्ग भरला की ते संकेतस्थळ स्वतंत्र प्रोग्रॅमप्रमाणे मेनूत दाखल होते आणि स्वतःच्या खिडकीत उघडते. आवकेच्या तक्त्यासाठी मेनू संपादकात नवी नोंद करावी आणि आज्ञेच्या जागी इंग्रजी लहान अक्षरांत ‘एक्सडीजी-ओपन’ लिहून, एक जागा सोडून, फाइलीचा पूर्ण मार्ग द्यावा. फाइलीच्या नावात मोकळी जागा असल्यास मार्ग अवतरणचिन्हांत घालावा लागतो. त्यापेक्षा नावातच मोकळी जागा ठेवू नये, हे बरे.

नाव बदलण्यासाठी नोंद निवडून ‘प्रॉपर्टीज’ उघडावी आणि ‘आवक तक्ता’, ‘हिशेबपट्टी’, ‘आकडेमोड’ अशी पेढीवर रुळलेली नावे थेट मराठीत टाइप करावीत. युनिकोड मराठी येथे व्यवस्थित चालते. संगणकाची भाषाच मराठी ठेवली असेल, तर एक गोष्ट ध्यानात घ्यावी : फाइलीत साध्या ‘नेम’ ओळीबरोबर कंसात ‘एमआर’ लिहिलेली मराठी नावाची ओळही असू शकते आणि मराठी प्रणालीत तीच दिसते. हाताने साधी ओळ बदलूनही मेनूत जुनेच नाव राहते, त्याचे कारण बहुधा हेच असते.

माझ्या मते मात्र दिवाणजींचे निम्मे काम लपवाछपवीशिवायच होईल. या चार नावांवर उजवे क्लिक करून ती ‘फेव्हरिट्स’मध्ये घालावीत, म्हणजे मेनू उघडताच ती वेगळी दिसतात. त्याच कॉन्फिगरच्या खिडकीत चिन्हांचा आकार वाढवता येतो, मेनूच्या बटणाला ‘कामे’ असे आपले नाव देता येते आणि माउस नुसता वरून नेल्याने मेनू उघडण्याची सोय चालू असल्यास बंद करता येते. चष्म्याचा नंबर मोठा असलेल्या माणसाला या गोष्टींचा उपयोग नावे लपवण्यापेक्षा अधिक होतो.

पूर्ववत करणे सोपे आहे. मेनू संपादकात ‘रिस्टोअर सिस्टिम कॉन्फिगरेशन’ असे बटण आहे. ते दाबले की आपले बदल पुसले जातात आणि मूळ मेनू परत येतो. त्यात आपण केलेल्या नव्या नोंदीही जाऊ शकतात, म्हणून आधी होममधील ‘अ‍ॅप्लिकेशन्स’ फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी. एकच प्रोग्रॅम परत आणायचा असेल, तर त्याच्या नावापुढे पुन्हा खूण करणे पुरेसे आहे.

प्रश्न : मी पाटण तालुक्यातील माध्यमिक शाळेत शिकवते. आमच्या संगणक कक्षात एक्सएफसीई डेस्कटॉप आहे. खेळ व प्रणालीची साधने मेनूतून लपवून सर्व संगणकांवर एकसारखा मेनू ठेवायचा आहे. एका संगणकावर तसे केले, परंतु दुसऱ्या नावाने लॉगिन केल्यावर सर्व पुन्हा दिसू लागले. विद्यार्थीही पॅनेलची (मेनूचे बटण असलेल्या पट्टीची) मोडतोड करतात. (एक शिक्षिका, सातारा जिल्हा)

उत्तर : एक्सएफसीईमध्ये मेन्युलिब्र या संपादकाने किंवा व्हिस्कर मेनूतील ‘हाइड अ‍ॅप्लिकेशन’ या पर्यायाने केलेले बदल केवळ त्या वापरकर्त्यापुरते असतात, कारण नक्कल त्याच्याच होम फोल्डरमध्ये तयार होते. सर्वांसाठी बदल करायचा असल्यास ती नक्कल ‘यूएसआर’, ‘लोकल’, ‘शेअर’, ‘अ‍ॅप्लिकेशन्स’ या मार्गावर प्रशासकाच्या अधिकाराने ठेवावी. या जागेला ‘यूएसआर’मधील नेहमीच्या ‘शेअर’पेक्षा प्राधान्य असते. मूळ फाइलीतच बदल केला, तर प्रोग्रॅमच्या पुढच्या अपडेटबरोबर तो पुसला जातो; ‘लोकल’मधील नकलेला अपडेट हात लावत नाही. फाइलीचे नाव मुळाबरहुकूम असले पाहिजे, एका अक्षराचा फरक पडला तरी ती वेगळी नोंद मानली जाते आणि मूळ नाव मेनूत दिसतच राहते. एका संगणकावर असा फोल्डर नीट जमला, की तोच उरलेल्या संगणकांवर उतरवावा.

खेळांचा संपूर्ण वर्ग लपवण्यापूर्वी थोडे थांबावे, असे सुचवतो. फाइलीतील ‘कॅटेगरीज’ या ओळीत एकाहून अधिक वर्ग लिहिता येतात, त्यामुळे शिक्षणासाठीचे एखादे साधन खेळांतही मोडू शकते. त्याच्या नकलेत ‘गेम’ हा शब्द काढून ‘एज्युकेशन’ ठेवला, तर ते केवळ शिक्षण या वर्गात दिसेल.

पॅनेलसाठी एक्सएफसीईत कुलपाची सोय आहे. ‘ईटीसी’ फोल्डरमधील एक्सडीजी विभागात पॅनेलची जी एक्सएमएल फाइल असते, तिच्यातील चॅनेलच्या ओळीत ‘लॉक्ड’ आणि ‘अनलॉक्ड’ हे गुणधर्म देऊन बदलाचा अधिकार फक्त प्रशासकाकडे ठेवता येतो. ही फाइल शाळेचा संगणक सांभाळणाऱ्या व्यक्तीकडूनच बदलून घ्यावी. मेनूतून नाव लपवणे म्हणजे मात्र बंदी नव्हे. टर्मिनल (आज्ञा टाइप करण्याची खिडकी) उघडता येणारा विद्यार्थी लपवलेला प्रोग्रॅम नावाने सुरू करू शकतो, आणि आठवी-नववीच्या वर्गात असा एखादा असतोच. जो प्रोग्रॅम खरोखरच चालता कामा नये, तो संगणकातून काढावा आणि विद्यार्थ्यांचे खाते प्रशासकाच्या अधिकाराशिवाय ठेवावे.

प्रश्न : केडीई प्लाझ्मामध्ये मेनूचे वर्ग हलवताना सगळी मांडणी विस्कटली. प्रणाली पुन्हा बसवावी लागेल का? (एक विद्यार्थी, मिरज)

उत्तर : लागणार नाही. मेनूच्या बटणावर उजवे क्लिक करून ‘एडिट अ‍ॅप्लिकेशन्स’ उघडावे आणि त्यातील ‘एडिट’ या यादीमधून ‘रिस्टोअर टू सिस्टिम मेनू’ निवडावे. मेनूची ठेवणच आवडत नसेल, तर त्याच उजव्या क्लिकवर ‘शो ऑल्टरनेटिव्ह्ज’ मिळते आणि साध्या उतरत्या यादीचा किंवा संपूर्ण पडदाभर पसरणारा मेनू निवडता येतो.

प्रश्न : कराडला माझे लग्नपत्रिका छपाईचे दुकान आहे. विंडोजवरील एक जुने डीटीपी सॉफ्टवेअर वाइन या (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या) साधनाच्या साहाय्याने चालवून पाहिले, जमले नाही म्हणून वाइनसह काढून टाकले. तरीही मेनूत त्याचे नाव दिसते आणि क्लिक केल्यावर काहीच होत नाही. (एक मुद्रक, कराड)

उत्तर : वाइनमधून बसवलेल्या प्रोग्रॅमच्या मेनूनोंदी आपल्या होम फोल्डरमध्ये तयार होतात. वाइनचे पॅकेज काढताना प्रणाली होम फोल्डरला हात लावत नाही, म्हणून त्या तशाच मागे राहतात. वर सांगितलेल्या होममधील ‘अ‍ॅप्लिकेशन्स’ फोल्डरमध्ये ‘वाइन’ नावाचा उपफोल्डर सापडेल. तो काढून टाकावा. त्याच्या शेजारच्या ‘डेस्कटॉप-डिरेक्टरीज’ फोल्डरमध्ये आणि होममधील ‘डॉट कॉन्फिग’, ‘मेनूज’, ‘अ‍ॅप्लिकेशन्स-मर्ज्ड’ या मार्गावर ‘वाइन’ने सुरू होणाऱ्या फाइली असतील, त्याही काढाव्यात. ‘डॉट वाइन’ हा फोल्डर वेगळा आहे : त्यात त्या सॉफ्टवेअरमध्ये तयार केलेल्या पत्रिकांच्या फाइली असू शकतात, म्हणून तो तपासल्याशिवाय काढू नये. यानंतर लॉगआउट करून पुन्हा लॉगिन केल्यावर ते नाव दिसणार नाही, आणि रिकामा झालेला ‘वाइन’ हा वर्गही मेनूतून आपोआप जाईल.