वगैरेतला 'व' आणि सी भाषेतला स्वल्पविराम

प्रश्न असा आहे: सी भाषेतल्या 'व्हेरिअ‍ॅडिक मॅक्रो'ला मराठीत 'चल मॅक्रो' म्हटलं तर चालेल का, आणि त्याच्या व्याख्येतली तीन टिंबं मराठीत कशी वाचायची? जाता जाता हेही विचारलंय, की असा मॅक्रो जीसीसी या कंपायलरवर, म्हणजे कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमवर, बिनतक्रार चालतो आणि दुसऱ्या कंपायलरवर अडतो, तर तो सगळीकडे चालावा म्हणून काय करावं. (मॅक्रो म्हणजे कोडमधलं असं नाव, ज्याच्या जागी आधी ठरवलेला मजकूर भरला जातो; त्या मजकुराला त्याचा विस्तार म्हणतात. आर्ग्युमेंटं म्हणजे मॅक्रोला किंवा फंक्शनला बोलावताना कंसात दिलेल्या गोष्टी. आणि व्याख्येतली तीन टिंबं सांगतात, की हा मॅक्रो कितीही आर्ग्युमेंटं घेतो.)

'चल मॅक्रो' चालणार नाही. शिकवणीच्या व्हिडिओंमध्ये 'व्हेरिएबल मॅक्रो' ऐकून ऐकून कान किटले होते, आता त्याचं भाषांतरही आलं. चल म्हणजे ज्याची किंमत बदलते तो, बीजगणितातला क्ष. इथे बदलते ती हाती येणाऱ्या आर्ग्युमेंटांची संख्या. आज दोन, उद्या सात. 'व्हेरिअ‍ॅडिक'चं व्हेरिएबलशी नातं आहे, पण अर्ध्या शब्दापुरतंच. उरलेला अर्धा 'मोनॅडिक', 'डायॅडिक' (एक घेणारा, दोन घेणारा) या ग्रीक घराण्यातून उचललाय. लॅटिन धड, ग्रीक शेपूट. युनरी, बायनरी, टर्नरी ही लॅटिन रांग तयार असताना हे कशाला, म्हणून नाकं मुरडणारे आहेत. मुरडोत. आपण रोज 'गैरसमज' म्हणतो, त्यात अरबी डोक्याला मराठी अंग जोडलंय आणि कुणाचं काही अडलेलं नाही.

'मॅक्रो'साठी 'महा-आज्ञा' सुचवणाऱ्यांचंही एकदाच सांगून टाकतो. आपल्या 'महा'चा ग्रीक भाऊ 'मेगास'. 'माक्रोस' वेगळ्या घरातला, अर्थ 'लांब'. त्याचा लॅटिन भाऊबंद 'माकेर' म्हणजे हडकुळा. इंग्रजीतला 'मीगर' तिथूनच आला. आणि याच मॅक्रोसाठी आमच्या अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनी शब्द नेमला 'स्थूल'! तेव्हा मॅक्रोला मॅक्रोच राहू द्या.

आता टिंबं. त्यांना मराठीत एक तयार शब्द आहे आणि तो इतका चपखल आहे, की सी भाषेचं प्रमाणीकरण करणाऱ्या समितीला मराठी येत असती तर पुढचा बराच गोंधळ टळला असता. शब्द आहे 'वगैरे'.

मूळ अरबी, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. फोड अशी: 'व' म्हणजे आणि, 'गैर' म्हणजे इतर, शेवटचा 'ए'कार म्हणजे 'त्याचं' दाखवणाऱ्या अरबी सर्वनामाचा झिजलेला अवशेष. एकूण अर्थ, 'आणि त्याहून इतर'. गैरहजर, गैरसोय, गैरसमज यांतला 'गैर' तो हाच: आधी 'इतर', मग 'नसलेला', शेवटी 'चुकीचा'. आणि 'राम व लक्ष्मण' मधला सुटा 'व'ही याच घरचा. काही मंडळी तो संस्कृत 'वा' पासून आला असं छातीठोकपणे लिहितात. 'वा' म्हणजे अथवा. 'अथवा' म्हणणारा शब्द एके दिवशी 'आणि' कसा म्हणू लागला, हे त्यांनी एकदा समजावून द्यावं. शेजारी हात जोडून उभा असलेला फारसी 'व' नाकारायचा आणि दूरच्या नातलगाला दत्तक घ्यायचं, याला व्युत्पत्ती म्हणत नाहीत.

तर 'वगैरे' आपला 'आणि' स्वतःबरोबर घेऊन फिरतो. म्हणूनच 'पोहे, उपमा आणि वगैरे' ऐकलं की माझा तोल जातो. तिथे 'आणि' दोनदा होतो. सी मध्ये लागोपाठ दोन स्वल्पविराम टाकले तर कंपायलर तिथल्या तिथे थांबवतो. मराठीला तसा कंपायलर नाही.

आणि खरी गंमत इथेच आहे, कारण व्हेरिअ‍ॅडिक मॅक्रोंचं सगळं दुखणं या चिकट 'व'चंच आहे. समजा, 'लॉग' नावाचा मॅक्रो केला: आधी एक नाव असलेला संदेश, मग स्वल्पविराम, मग तीन टिंबं. विस्तारात तो छपाईच्या फंक्शनला संदेश देतो, स्वल्पविराम देतो आणि टिंबांच्या जागी आलेलं सगळं 'व्हीए-आर्ग्ज' या राखीव नावाखाली पुढे सरकवतो. आता कुणी नुसतंच लॉग("झाले") लिहिलं, तर टिंबांच्या वाट्याला काहीच येत नाही, स्वल्पविराम मात्र लोंबकळत राहतो. सी भाषेच्या 1999 च्या प्रमाणाने, म्हणजे अधिकृत नियमावलीने, मॅक्रोंना टिंबं दिली खरी, पण अट घातली की टिंबांसाठी निदान एक आर्ग्युमेंट आलंच पाहिजे. म्हणजे 'वगैरे'चा शब्दशः अरबी अर्थ: 'इतर' म्हटलंय ना, मग इतर काहीतरी आणा.

मराठीने ही अट कधीच मोडीत काढली. 'चहा वगैरे घेणार का?' असं विचारून घरची मंडळी नुसता चहा पुढे ठेवतात आणि 'वगैरे कुठाय?' असं कुणी विचारत नाही. आपला वगैरे शून्यावरही खूश असतो आणि शून्य असलं की त्याचा 'व' आपोआप विरघळतो. सी ला हे उमगायला 2023 च्या नावाने ओळखलं जाणारं प्रमाण यावं लागलं. त्यात टिंबं रिकामी ठेवायची मोकळीक मिळाली आणि 'व्हीए-ऑप्ट' आलं: त्याच्या कंसात जे लिहाल ते टिंबांत काही असेल तरच उमटतं, एरवी गायब. कंसात फक्त स्वल्पविराम लिहायचा. सी प्लस प्लसने हेच 2020 मध्ये केलं होतं.

मधल्या काळात ज्याने त्याने आपापला वगैरे चालवला. जीसीसीकडे 1999 च्या आधीपासून स्वतःची पद्धत होती, टिंबांना नाव देण्याची. स्वल्पविराम गिळण्यासाठी त्यांनी स्वल्पविराम आणि व्हीए-आर्ग्ज यांच्यामध्ये ## ठेवायची युक्ती काढली. क्लँग या दुसऱ्या कंपायलरलाही ती समजते, पण प्रमाणात ती कधीच नव्हती. पेडँटिक, म्हणजे प्रमाणाबाहेरचं काही दिसलं की बजावणारी, तपासणी लावली की कुरकुर ऐकू येते. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने मॅक्रोंतली टिंबं 2005 च्या आवृत्तीपासून घेतली. त्याचा जुना प्रीप्रोसेसर, म्हणजे मॅक्रो उलगडणारा भाग, तर कुणी न सांगताच स्वल्पविराम गिळतो. या बाबतीत तो मराठी माणूस. मात्र हाच प्रीप्रोसेसर व्हीए-आर्ग्ज दुसऱ्या मॅक्रोकडे सोपवताना सगळ्या आर्ग्युमेंटांचं एकच गाठोडं करून देतो, त्यामुळे आर्ग्युमेंटं मोजणारे मॅक्रो तिथे हमखास 'एक' असं उत्तर देतात. मग गाठोडं सोडवायला मधे आणखी एक विस्तार-मॅक्रो घालावा लागतो. 2019 च्या व्हिज्युअल स्टुडिओत 16.5 पासून प्रमाणाबरहुकूम चालणारा नवा प्रीप्रोसेसर वापरण्याजोगा झाला, पण तो कंपायलरला वेगळा स्विच, म्हणजे पर्याय, देऊन मागावा लागतो.

हो, प्रश्नाचा शेवटचा भाग राहूनच चालला होता. सगळीकडे चालणारा उपाय फार साधा आहे आणि ## च्या भक्तांना तो का सुचत नाही हे मला कोडंच आहे. संदेशाला वेगळं नाव देऊच नका. मॅक्रोच्या कंसात फक्त टिंबं ठेवा. संदेशही टिंबांतच येऊ द्या. मग टिंबं कधी रिकामी नसतात, कारण संदेश तर असणारच. फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक हवा असेल तर विस्तारात एक साधं फंक्शन बोलवा: आधी फाइल, मग ओळ, मग व्हीए-आर्ग्ज. लोंबकळणारा स्वल्पविराम उद्भवतच नाही, 1999 चं प्रमाण पाळलं जातं, ## नको आणि व्हीए-ऑप्टही नको. फक्त हे फंक्शन तुम्हाला लिहावं लागेल, छपाईच्या 'प्रिंटएफ' फंक्शनसारखं, आर्ग्युमेंटांची यादी स्वतः उलगडणारं. दहा-बारा ओळींचं काम.

1989 च्याच प्रमाणावर अडकलेला एखादा जुना कंपायलर गळ्यात असेल, तर तिथे मॅक्रोंना टिंबं ठाऊकच नाहीत. तिथे जुनी दुहेरी कंसांची चाल: मॅक्रो एकाच आर्ग्युमेंटचा ठेवायचा आणि बोलावताना कंसात कंस लिहायचा, लॉग(("झाले")). आतला कंस अख्खा एक आर्ग्युमेंट म्हणून जातो आणि विस्तारात फंक्शनच्या नावाला जाऊन चिकटतो. दिसायला ओंगळ, पण चालते. एवढंच की फाइल आणि ओळ या चालीने थेट आत घुसवता येत नाहीत. ती आधी वेगळ्या फंक्शनने कुठेतरी नोंदवून ठेवावी लागतात.

आणि नाव? मी 'वगैरे-मॅक्रो' म्हणतो. 'अनियतप्राचली' (प्राचल म्हणजे पॅरामीटर) ज्यांना हवं त्यांनी ते घ्यावं, फक्त घाईच्या वेळी सहकाऱ्याला मोठ्याने म्हणून दाखवावं.