पिट्सबर्गला यायचं म्हणतेस, तर

"ताई, रोबोटच्या हातांवर पाच-सहा वर्षं पीएचडी करायला यावं, की तोवर एआय हे सगळं सोडवून मोकळं होईल?" तुझ्या मेलमधला खरा प्रश्न एवढाच. व्हिसा, भाडं नंतर.

अगं, मी आले तेव्हाही ते सुटतच आलं होतं! २०१० साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या रोबोटने कधी न पाहिलेल्या टॉवेलांच्या घड्या घातल्या, ५० पैकी ५० वेळा. काम मोठंच होतं. पण गाजलेला व्हिडिओ ५० पट वेगाने पळवलेला होता. एका टॉवेलला सरासरी २४-२५ मिनिटं लागत. तेव्हा व्हिडिओ दाखवणाऱ्या लॅबला विचार : वेग किती पट, आणि दहातून किती वेळा जमतं?

बोटांचंही फार कौतुक करू नकोस. २०१५ला सिअ‍ॅटलमध्ये अ‍ॅमेझॉनची रोबोटांनी वस्तू उचलण्याची स्पर्धा बर्लिनच्या संघाने जिंकली, ती व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीने. त्याच्या कितीतरी आधी, १९८०च्या दशकात, रोबोटतज्ज्ञ मॅट मेसन यांनी नुसत्या ढकलण्याचं गणित मांडलं : वस्तूखाली दाब कुठे किती आहे हे ठाऊक नसलं, तरी ढकलल्यावर ती कुठल्या बाजूला वळेल हे सांगता येतं. मला ते कागदावर कळेना. मग आईची भाकरी आठवली. थापताना आई ती उचलते कुठे? तळव्याच्या रेट्याने भाकरी आपसूक फिरते, आणि खाली भुरभुरलेलं पीठ घर्षण सांभाळतं.

माझी फजितीही ऐक. पहिल्याच हिवाळ्यात, उन्हाळाभर शहाण्यासारखा वागलेला ग्रिपर (रोबोटचा पकडणारा पंजा) प्लास्टिकची पिशवी सोडेनासा झाला. तीन आठवडे मी कोडमधली चूक शोधत बसले. चूक नव्हतीच. हीटिंगने हवा कोरडीठाक झालेली, आणि पिशवी स्थिर विजेने बोटांना चिकटत होती. लॅबच्या म्हाताऱ्या टेक्निशियनने न बोलता हवा दमट करणारा ह्युमिडिफायर आणून ठेवला. असा माणूस असलेली लॅब मिळाली, तर नावाजलेल्या गाइडपेक्षा मी ती निवडेन.

गाइड समोर नसताना तिथल्या मुलांशी बोल. रोबोट बिघडला की कोण दुरुस्त करतं, आधीची मुलं किती वर्षांत सुटली, हे विचार. कर्ज काढून एमएस करण्याआधी थेट पीएचडीला अर्ज टाक. फंडिंग असलं की फी माफ होते आणि स्टायपेंड मिळतो. त्यात चैन नाही, पण दोघी-तिघींनी मिळून घर घेतलं तर भागतं. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिक्षणानंतर १२ महिने ओपीटी, म्हणजे आपल्या विषयात नोकरी करायची मुभा; आपला विषय स्टेममधला (विज्ञान-तंत्रज्ञानाचा) म्हणून आणखी २४. त्यापुढचं गृहीत धरून घरी कुणाला शब्द देऊ नकोस, नियम बदलतात.

थंडीचा कोट इथे येऊनच घे, सांगलीचे स्वेटर इथे पुरत नाहीत. जड परात मात्र बॅगेत टाक. माझी इथली परात इतकी हलकी आहे, की थापताना भाकरीऐवजी तीच फिरते.